नवरा गेल्यानंतरचं वर्ष: कागद, रांगा आणि बोलायला मिळालेली माणसं

माझे यजमान 11 नोव्हेंबर 2024च्या रात्री हार्ट अटॅकनं गेले. वय 52. साताऱ्यात एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. मुलगी पुण्यात नोकरीला लागलेली, मुलगा बारावीला, घरात सासूबाई. आता वर्ष उलटून गेलंय. कागदपत्रं अजून पुरती संपली नाहीत, पण बरीचशी मार्गी लागली, म्हणून लिहायला बसलेय.

त्या दिवसांत झोप लागायची नाही तेव्हा मी मोबाइलवर शोधत बसायचे. एकीकडं नुसते फॉर्मचे नंबर सापडायचे, दुसरीकडं नुसते सुविचार. पण ही दोन्ही ओझी एकाच बाईच्या डोक्यावर एकाच आठवड्यात येतात, हे काही कुठं वाचायला मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. संगम माहुलीला कैलास स्मशानभूमीत सगळं झालं. आमच्यात बायका माहुलीला जात नाहीत, मी दारातूनच मागं फिरले. "एकादशीची माती मिळाली, पुण्यवान माणूस," असं जो येईल तो सांगत होता. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मला मात्र वाटत होतं, साधी कुठलीही तिथी चालली असती, फक्त आणखी वीस वर्षांनी.

बांगड्या-कुंकवाचं जे करतात ते भावकीतल्या बायकांनी त्याच दिवशी उरकलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही तसं करावं म्हणून सांगितलं, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण ज्या बाईवर वेळ येते तिच्या तोंडून त्या घडीला शब्द फुटत नाही. त्या घरात तुम्ही नणंद, जाऊ, बहीण असाल तर तुम्ही आडव्या पडा. तिनं नको म्हणायची वाट बघू नका.

दहावा 20 तारखेला आला, आणि त्याच दिवशी विधानसभेचं मतदान. पाहुणे मत देऊनच आले होते. माझ्यापुढं जोडलेल्या प्रत्येक हाताच्या बोटाला शाई, मी तेवढंच बघत बसले होते. तेराव्याला, 23 तारखेला, निकाल. आत पंगत बसलेली आणि बाहेर रस्त्यावर फटाके, गुलाल. मुलगा हळूच म्हणाला, "मम्मी, खिडकी लावू का?" म्हटलं, राहू दे. त्यांना निवडणुकीच्या गप्पा भारी आवडायच्या. पण हे मी मनातच म्हटलं. कारण तोवर माझ्या लक्षात आलं होतं की घरात त्यांचा विषय निघाला की माणसं घाबरी होतात. "रडू नको, त्यांच्या जिवाला लागतं." "आता मुलांकडं बघ." "धीर धर." पिठलं-भाकरी घेऊन येणारे, भांडी घासून जाणारे, सगळे जिवाला जीव देणारे लोक. फक्त ह्यांच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

बोलायचे ते फक्त ऑफिसातले लोक. मयताचं नाव काय, मयताशी नातं काय, मयताचं आधार कार्ड आणलंय का.

पहिला कागद

मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते. दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंदीचा कागद दवाखानाच पाठवतो. 21 दिवसांनंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते, त्यापुढं मग परवानगी, आणखी कागद आणि हेलपाटे. दाखला माणूस जिथं राहायचा तिथला मिळत नाही, जिथं गेला तिथला मिळतो. पेशंटला पुण्याला हलवलं असेल आणि तिथं काही झालं असेल तर दाखलाही पुण्यालाच. दवाखान्यात ते फॉर्म भरतात तेव्हा घरातलं शुद्धीवर असलेलं कुणीतरी शेजारी उभं करा आणि आधार कार्डाशी एकेक अक्षर ताडून बघायला लावा. आमच्या मावसदिरांनी ते केलं म्हणून आमचा दाखला बिनचूक निघाला. प्रती भरपूर घ्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दाखला हातात आला. आपण रोज ज्या नावानं हाक मारली नाही ते पूर्ण नाव तिथं छापलेलं होतं. रिक्षात बसल्यावर मी तो कागद पदराखाली धरला.

बँकेत कामाचं म्हणाल तर एकच सांगते. काऊंटरवरच्या मुलीनं पासबुक चाळता चाळता पेन एका ओळीवर ठेवलं. "काकू, हे 436 रुपये कशाचे माहितीयत का?" मला नव्हतं माहीत. मेअखेरीला दरवर्षी खात्यातून आपोआप कापले जाणारे ते पैसे प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे असतात, विमा 2 लाखांचा. दावा शक्यतो 30 दिवसांत द्यायचा असतो. ती मुलगी बोलली नसती तर ती ओळ तशीच राहिली असती. गेलेल्या माणसाच्या प्रत्येक खात्याचं पासबुक भरून घ्या आणि ही ओळ शोधा. 20 रुपयांची ओळ दिसली तर तो अपघात विमा, तो अपघातातच लागतो.

नॉमिनी लावलेला असेल तर खात्याचे पैसे सहज मिळतात. कागद पूर्ण दिल्यापासून 15 दिवसांत दावा मिटवावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तोंडी विचारत बसू नका, अर्ज दिल्याची पोच घ्या. नॉमिनी नसलेल्या खात्याला मात्र तेव्हा वारसांचं प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, जामीनदार असं सगळं मागायचे. ऑक्टोबर 2024 पासून शंभरचा स्टँपपेपर चालत नाही, पाचशेचा लागतो. टायपिंग आणि नोटरीचे वेगळे. आणि त्यांचं सिमकार्ड कुणी कितीही म्हटलं तरी इतक्यात बंद करू नका, निम्मे ओटीपी त्या नंबरवर येतात. मी दर महिन्याला त्यावर रिचार्ज मारत होते. मुलीला वाटलं मम्मीला सोडवत नाहीये. तेही होतंच म्हणा.

चार भिंतीची चढण

संक्रांत आली. पहिलं वर्ष, त्यात हे असं, हळदीकुंकवाला कुणी बोलावणार नव्हतंच. आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त सिस्टर राहतात, त्यांना सगळे काकू म्हणतात. त्या दारात आल्या. तिळगूळ नाही, काही नाही. "उद्यापासून सकाळी सहाला माझ्याबरोबर चालायला यायचं. स्वेटर घाल."

अजिंक्यताऱ्याच्या अंगानं चार भिंतीकडं, म्हणजे साताऱ्यातल्या टेकडीवरच्या स्मारकाकडं, चढत होतो. थंडी मरणाची. बराच वेळ काकू काहीच बोलल्या नाहीत. मग एकदम म्हणाल्या, "तुझे हे चहा कसा घ्यायचे गं?"

मी थांबलेच. दोन महिन्यांत त्यांच्याविषयी पहिल्यांदाच कुणी काही विचारलं होतं. मी सांगितलं. बशीत ओतून, फुर्र आवाज करत, आणि तो आवाज मला पंचवीस वर्षांत कधी आवडला नाही. कितीदा बोलले असेन, पाहुण्यांसमोर तरी करू नका. मग साखर कमी केली की कसे मुद्दाम दोनदा फुर्र करायचे ते सांगितलं. काकू हसल्या, मलाही हसू आलं, आणि मग तिथंच कठड्याला धरून मी इतकी रडले की चालायला आलेली दोन माणसं पाणी विचारून गेली. काकूंनी ना डोळे पुसले, ना धीर धर म्हणाल्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "आमच्या ह्यांना आंघोळीला पाऊण तास लागायचा. बादल्या तीन." आणि चालायला लागल्या.

पुढं रोज असंच. त्यांचं एक, माझं एक. कधी भांडणं, कधी उसने दिलेले पैसे, कधी कुणाच्या लग्नात झालेला मानपान. गुणगान असं नाहीच. तेराव्यापर्यंत ह्यांचा जो देवमाणूस करून टाकला होता तो मला ओळखीचा वाटत नव्हता. चढणीवर मला माझा नवरा परत मिळत होता, घोरणारा, हट्टी, भाजीत मीठ कमी म्हणून ताट बाजूला सारणारा.

भेटायला जाणाऱ्यांसाठी एवढंच म्हणेन: काय बोलावं कळत नसेल तर त्या माणसाबद्दल एक साधा प्रश्न विचारा. रडू आलं तर येऊ दे.

गोळ्यांची पट्टी

जानेवारीअखेरीला स्कूटरचं आरसी बुक शोधायला मी डिकी उघडली. रेनकोट, फडकं, पेट्रोलच्या पावत्या आणि खाली बीपीच्या गोळ्यांची पट्टी. तारीख बघितली, दिवाळीच्या आधीची. दोनच गोळ्या काढलेल्या.

मला इतका राग आला की हात थरथरायला लागले. रोज सकाळी "गोळी घेतली का?" म्हणून विचारायचे आणि ते "हो हो" करत चप्पल घालायचे. आता हा राग सांगायचा कुणाला? गेलेल्या माणसावर चिडलेलं आपल्याकडं चालत नाही. सासूबाईंना सांगणं शक्य नव्हतं, मुलाचा पहिला पेपर 11 फेब्रुवारीला. काकूंनाही सांगवेना. पट्टी मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली आणि छातीत काहीतरी अडकल्यासारखं घेऊन फिरत राहिले. रात्री दोनला जाग यायची ती यायचीच.

अशाच एका रात्री 14416 ला फोन लावला. टेली-मानस, सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आधी भाषा निवडायला लावतात, मग माणूस फोनवर येतो. पलीकडं एक बाई होत्या. "मला राग आलाय," मी म्हटलं. "कुणाचा?" "नवऱ्याचा." "काय केलं त्यांनी?" मी म्हटलं, "मेले." आणि मग सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही, उपदेश केला नाही. शेवटी विचारलं की जेवण, झोप कशी आहे, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का, आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते तिथं एकदा जाऊन या, असं सांगितलं.

गेले. केसपेपर काढला, बाकावर बसले, ओळखीचं कुणी दिसेल म्हणून पदर घेतला. ओळखीची एक दिसलीही, तिनंही पदर घेतला होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी गोळ्या दिल्या नाहीत. म्हणाले, दुःख हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणातही शोक लांबला असं म्हणायच्या आधी किमान सहा महिने जाऊ देतात, आणि तेव्हाही रोजचं जगणं अडलंय का ते बघतात. मग त्यांनी सांगितलेलं मला फार उपयोगी पडलं. श्ट्रोबे आणि शूट या संशोधकांनी 1999 साली मांडलंय की शोकातला माणूस दोन कामांमध्ये ये-जा करत असतो, कधी दुःखात, कधी व्यवहारात, आणि ही ये-जाच त्याला सावरते. मला तोवर बँकेत असताना अपराधी वाटायचं की मी पैशाच्या मागं लागलेय, आणि रडताना वाटायचं की कामं पडलीयत. त्यानंतर दोन्ही वेळेला जरा मोकळं वाटायला लागलं.

पोराची परीक्षा मार्चमध्ये संपली. स्कूटर माझ्या नावावर करायची होती. मालक वारला की आरटीओचा फॉर्म 31 लागतो, मुदत तीन महिन्यांची, आमची थोडी टळली होती. फॉर्म भरताना मी पोराला म्हटलं, "मला तुझ्या पप्पांचा अजून राग येतो. गोळ्या घेत नव्हते ते." पेन खाली ठेवून तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "मला माहीत होतं मम्मी. मी पाहिलं होतं. मला म्हणाले, मम्मीला सांगू नको, चक्कर येते त्या गोळीनं."

चार महिने पोरगं हे पोटात घेऊन अभ्यास करत होतं. सगळे म्हणत होते, किती शहाणा, बापाविना पेपर देतोय, डोळ्यात टिपूस नाही. त्या संध्याकाळी फॉर्म तसाच राहिला. आम्ही तिघांनी, पुण्याहून मुलगी व्हिडिओ कॉलवर, त्या माणसाला यथेच्छ शिव्या घातल्या. मी मुलाला म्हटलं, पन्नाशीच्या माणसाच्या गोळ्या सतरा वर्षांच्या पोरानं राखायच्या नसतात. एकदा सांगून ते त्याच्या गळी उतरलं नाही, मग महिनोन्‌महिने सांगत राहिले. तोही एकदा त्या डॉक्टरांना भेटून आला.

सातबारा आणि आत्या

गावाकडं, कोरेगाव तालुक्यात, त्यांच्या नावावर थोडी जमीन. वारस नोंद मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायची असते. एप्रिल 2025 मध्ये "जिवंत सातबारा" मोहीम निघाली, त्यात आमचंही काम पुढं सरकलं. मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. मग फेरफार धरतात, नोटीस लागते, हरकतीला 15 दिवस, आणि मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात.

इथं पुष्कळ घरांत घोळ होतो. हिंदू वारसा कायद्यानं गेलेल्या माणसाची बायको, मुलं, मुली आणि आई, सगळे सारखे वारस. आईसुद्धा, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही. भावकीतून सूचना आली, "पोरीचं नाव कशाला, हक्कसोड करून घ्या आताच." मी म्हटलं, आत्ता कुणीच काही सोडणार नाही. दुःखाच्या वर्षात हक्कसोडपत्रावर सही करू नये आणि करून घेऊही नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. वय 78. मुलगा गेल्यापासून त्या देवघरासमोर बसून असायच्या, दोन घास खायच्या. आम्ही एका घरात राहून एकमेकींना चुकवत होतो. वारसांत त्यांचं नाव असल्यानं त्यांना सोबत न्यावं लागलं. साहेब जेवायला गेलेले, आम्ही दोघी बाहेर पायरीवर. आत्यांनी शेंगदाण्याच्या कुटाची पोळी काढली, निम्मी मला दिली आणि समोर बघत म्हणाल्या, "तुझा सासरा गेला तवा मला कुणी काय इचारलं न्हाई. तेराव्याच्या दुसऱ्या दिशी भांगलायला गेले. रडायचं ते सरीत बसून रडले."

मामंजी लष्करात होते. निवृत्त होऊन आले आणि आजारपणात गेले. आत्यांना तेव्हा चाळिशीही नव्हती. इतक्या वर्षांत हे एक वाक्य मी त्यांच्याकडून ऐकलं नव्हतं, आणि विचारलंही नव्हतं. मी काकूंचा प्रश्न वापरला. "मामा चहा कसा घ्यायचे?" "चा?" आत्या म्हणाल्या, "त्यास्नी मग लागायचा मिल्ट्रीवानी. कपानं भागायचं न्हाई." मग कॉलराचं इंजेक्शन, रजेवर आल्यावर आणलेला ट्रंक, ह्यांचा जन्म, ह्यांनी लहानपणी विहिरीत मारलेली उडी. साहेब आले, आमचा नंबर गेला, तरी त्या सांगत होत्या. येताना एसटीत माझ्या खांद्यावर झोपल्या.

पीएफ

हे थोडक्यात, कारण कंटाळवाणं आहे. कामावर असताना माणूस गेला तर तीन गोष्टी मिळतात: पीएफची रक्कम (फॉर्म 20), पेन्शन (10डी) आणि ईडीएलआयचा विमा (5आयएफ), जास्तीत जास्त 7 लाख. तिन्ही मिळून एकच एकत्रित फॉर्म आहे. पेन्शन बायकोला, शिवाय दोन मुलांना 25 वर्षांची होईपर्यंत. पीएफ खात्यात नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त निघालं, त्यामुळं जॉइंट डिक्लेरेशन, कंपनीचा शिक्का, परत रांग. पेन्शन पावसाळ्यात चालू झाली. तुमचे यजमान आज समोर बसले असतील तर चहा झाल्यावर त्यांच्याकडून ई-नॉमिनेशन भरून घ्या आणि आधार आणि पीएफवरची नावं जुळतात का ते बघा. एलआयसीला 3783 नंबरचा फॉर्म आणि मूळ बाँड. पॉलिसी घेऊन तीन वर्षं झालेली असली तर फार चौकशी होत नाही.

नोव्हेंबर 2025

वर्षश्राद्ध तिथीनं महिन्याच्या सुरुवातीलाच आलं. माहुलीला या वेळी मीही गेले, कुणी काही बोललं नाही.

त्याच महिन्यात आत्यांचा हयातीचा दाखला. लष्करी कुटुंब पेन्शन असल्यानं दर नोव्हेंबरला द्यावा लागतो. सेतू केंद्रातल्या पोरानं अंगठा घ्यायचा प्रयत्न केला. आत्यांनी पदराला पुसून पुसून लावला, पण सगळं आयुष्य खुरप्यात गेलेलं, रेषाच राहिल्या नाहीत. (अंगठा उमटत नसेल तर चेहऱ्यावरून होतो, हे विचारून घ्या, काही जण सांगत नाहीत.) मग त्यानं मोबाइल समोर धरला, "आजी, डोळे मिचकवा." आत्यांनी मिचकवले. फॉर्ममधला पुढचा रकाना आला. पोरगं लाजत माझ्याकडं बघत म्हणालं, "हे विचारावं लागतं... आजींनी पुनर्विवाह केलाय का?"

आत्यांना ऐकू कमी येतं. मी कानात मोठ्यानं सांगितलं. सगळी रांग ऐकत होती. आत्यांनी त्या पोराकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाल्या, "न्हाई म्हणून लिही बाबा. आनि हिलाबी पुढल्या साली इचारतील, हिचं हिला इचारून लिही."